‘नेशेर’ गरुड नाही, गिधाड आहे (आणि चाळिशीतल्या गरुडाची गोष्ट आता पुरे)

रेवदंडेकर
कालपासून चार गटांवर एकच मजकूर येऊन आदळलाय. गरुड चाळिशीला आला की डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, पाच महिने थांबतो आणि पुढे तीस वर्षं मजेत जगतो. पुराव्याला खाली बायबलमधलं स्तोत्र 103:5, ‘तुझे तारुण्य गरुडासारखे नवे होते’. शेवटी प्रश्न: तुम्ही चोच मोडायला तयार आहात का?

मी नाही. चोच मोडलेला पक्षी पाच महिने खाणार काय? उपाशी मरेल. पिसं सगळेच पक्षी बदलतात, गरुडही थोडी थोडी. स्तोत्रात म्हटलंय तेवढंच.

पण खरा राग वेगळाच आहे. मूळ हिब्रूत शब्द ‘नेशेर’ आहे, आणि नेशेर म्हणजे गिधाड. मीखा 1:16 काढा. मुलं बंदिवासात गेलेल्या आईला संदेष्टा सांगतो, मुंडण कर, नेशेरसारखं टक्कल वाढव. गरुडाला टक्कल कुठून आलं? ईयोब 39 मध्ये तो कड्यावर राहतो, लांबून हेरतो, आणि जिथे मेलेले तिथे तो. आता सांगा हा कोण. ग्रीक भाषांतरकारांनी ‘एटॉस’ म्हणजे गरुड केलं, तेच पुढे सगळीकडे गेलं, आपल्याकडेही.

नगरचा_पाळकपुत्र
झालं, आले हिब्रूवाले. निर्गम 19:4, देवाने आपल्या लोकांना ‘गरुडाच्या पंखांवर’ वाहून आणलं, हे वचन माझ्या आजोबांना तोंडपाठ, वडिलांना तोंडपाठ, मला तोंडपाठ. आमच्या चर्चच्या काचेवर गरुड रंगवलाय. आता तिथे गिधाड रंगवायचं?

आणि यहेज्केल 17 सोयीस्करपणे विसरलात. मोठ्या पंखांचा, भरगच्च रंगीत पिसांचा नेशेर येतो आणि लबानोनच्या गंधसरूचा शेंडा खुडून नेतो. तो बाबेलचा राजा. भरगच्च पिसं, वाचलंत ना? शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान नेशेरहून वेगवान, 2 शमुवेल 1:23. मेलेल्या बैलावर झुंबड करणाऱ्या पक्ष्याची उपमा देव स्वतःला देईल?

रेवदंडेकर
टक्कल डोक्या-मानेवर असतं हो, अंगावर नाही. आणि त्या काळच्या लोकांना गिधाडाची किळस नव्हती. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेखबेत देवी गिधाडाच्या रूपात, आणि ‘आई’ हा शब्द लिहायला गिधाडाचंच चित्र. जे लोक मिसरातून बाहेर पडले त्यांच्या कानाला यात शिवी ऐकू आली नसणार. किळस आपली, मराठी आहे. राजकारण्याला ‘गिधाड’ म्हणतो आपण.

ताकेवाला_दादर
अहो, मराठी कानाला किळस कशी? जटायू कोण होता? वाल्मीकी त्याला गृध्रराज म्हणतात. म्हाताऱ्या गिधाडाने रावणाला अडवून पंख तोडून घेतले, आणि रामाने त्याचा अंत्यसंस्कार केला. नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला जाऊन बघा, अजून लोक हात जोडतात. वर तो अरुणाचा मुलगा, म्हणजे गरुडाचा सख्खा पुतण्या. तुमचं दोघांचं भांडण घरच्या घरातलंच आहे.

नगरचा_पाळकपुत्र
रामायण इथे कशाला? विषय भरकटवू नका.

ताकेवाला_दादर
‘गरुड’ शब्द आला तेव्हा तो विष्णूच्या खांद्याखालून आला, ते चाललं. जटायू आला की भरकटलं. बरं.

अश्दोदची_मावशी
मुलांनो, मी अलिबागजवळच्या नवगावची, पन्नास वर्षं इथे इस्राएलात. पहिलं म्हणजे आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी आहोत, ख्रिश्चन नाही. तिकडून कोणी आलं की पहिला प्रश्न हाच. अलिबागेत आम्हाला शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून, तेव्हा निदान कोणाला शंका नव्हती. असो, राग निघाला.

आता नेशेर. इथे पक्ष्यांच्या पुस्तकात नेशेर म्हणजे गिधाडच, गरुडाला ‘आयित’. पण माझा नातू अमेरिकेच्या नोटेवरच्या पक्ष्यालाही नेशेरच म्हणतो, आणि त्याला कोणी मारत नाही. म्हणजे बोलण्यात दोन्ही चालतं, रेवदंडेकर, तेवढं छाती फुगवू नका.

पण एक सांगते. गोलानमध्ये गामला म्हणून जागा आहे, खोल दरी, कड्यांत गिधाडांची घरटी. आम्ही वर कठड्याला उभे. पक्षी आपल्या डोक्यावरून जातो ना नेहमी, तिथे तो पायाखालून गेला. पंखांची टोकं बोटांसारखी पसरलेली, एकदाही फडफड नाही. आणि वरून त्याची पाठ दिसली. मातकट, रुंद, चौरंगाएवढी. मी यजमानांना म्हटलं, अहो, यावर मूल सहज बसेल. तेव्हा निर्गमातलं वचन पहिल्यांदा डोळ्यांनी वाचल्यासारखं वाटलं. राशी नावाच्या मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांनी तर म्हटलंच आहे, इतर पक्षी पिल्लू पायांत धरतात कारण वरून दुसऱ्या पक्ष्याची भीती. नेशेरला वरून कोणाची भीती नाही, फक्त खालून माणसाच्या बाणाची. म्हणून पिल्लू पाठीवर. बाण लागला तर मला लागो.

1949-50 मध्ये यमनचे पन्नासेक हजार लोक विमानांनी आणले, त्यातल्या कित्येकांनी विमान कधी बघितलं नव्हतं. त्यांना हेच वचन आठवलं, त्या मोहिमेला नावही ‘नेशेरांच्या पंखांवर’ पडलं. तेव्हा कोणी विचारलं नाही की गरुड की गिधाड.

पक्षीवेडा_सातारा
मावशी, वर्णन झकास. पण गरुड असो वा गिधाड, पिल्लू पाठीवर कोणीच नेत नाही. आणि तालमुद या यहुदी धर्मग्रंथात, हुल्लीन या भागात, नेशेरला मागचं बोट नाही, गळ्याखाली अन्नाची पिशवी नाही असं आहे. फ्रान्सच्या मध्ययुगीन रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) याच बोटावरून ठरवलं की गरुड तो नेशेर नव्हे. ठीक. पण गिधाडाला पिशवी असते! पोट भरलं की छातीवर फुगून दिसते. म्हणजे रेवदंडेकरांचं गिधाडही त्या परीक्षेत नापास.

रेवदंडेकर
मान्य. पिशवीचा मुद्दा मला माहीत होता, मी मुद्दाम काढला नाही.

नगरचा_पाळकपुत्र
वा! प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत.

पक्षीवेडा_सातारा
तुम्ही गिधाडाच्या नावावर भांडताय, पण शेवटचं गिधाड कधी बघितलंत? नव्वदच्या दशकापासून पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतातून शंभरातली नव्याण्णव गेली. कारण डायक्लोफिनॅक, गुरांना दिलेलं वेदनाशामक. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी. 2004 मध्ये कारण सापडलं, 2006 मध्ये गुरांसाठी बंदी आली. तोवर काय राहिलं?

गोठा_नंबर_दोन
आला शेतकऱ्यावर घसरून. आम्ही विष घातलं का हो? डॉक्टर आला, सुई टोचली, पैसे घेतले, गेला. माझी एचएफ गाय तीन दिवस उठली नव्हती. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, गिधाडाच्या मूत्रपिंडाचा विचार करून मरू दे?

पक्षीवेडा_सातारा
शेतकऱ्याला कोण बोललं? पण बंदीनंतरही माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या. म्हणून 2015 मध्ये माणसांची बाटलीही 3 मिलीवर आणावी लागली. कोण विकत घेत होतं त्या?

गोठा_नंबर_दोन
ज्याला मेलॉक्सिकॅमबद्दल, त्या गिधाडाला न मारणाऱ्या औषधाबद्दल, कोणी सांगितलं नव्हतं तो. तुमच्या दुर्बिणीच्या पैशात दोन गोठे होतात.

रेवदंडेकर
अहो, धागा नेशेरचा आहे!

गोठा_नंबर_दोन
मग नेशेरला सांगा आमच्या विहिरीवर येऊन बसायला. पूर्वी जनावर मेलं की माळावर टाकायचो, दुपारपर्यंत नुसता सांगाडा. आता खड्डा खणायला जेसीबी लागतो, त्याचे तासाचे पैसे. बाप म्हणायचा गिधाडं दिसली की घाण वाटते. त्याला आता वाटत नाही, तो आठवण काढतो.

अश्दोदची_मावशी
हेच मी नवगावला बघितलंय, बाळा. माडावर घरटं होतं, खाली विष्ठेने झावळ्या पांढऱ्या. वडील कोयता घेऊन निघाले की आजी अडवायची. तोरा या आमच्या धर्मग्रंथात नेशेर ज्या यादीत आहे, त्याच यादीत ‘राहाम’ आहे, पांढरं गिधाड. राहाम आणि ‘राहामीम’ म्हणजे दया, अक्षरं तीच. दोघंही खायला निषिद्ध, लेवीय 11. आजीला हिब्रू येत नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, खात नाही त्याला मारायचं कशाला.

नगरचा_पाळकपुत्र
बरं. मीखाचं टक्कल मला गरुडावर बसवता येत नाही, रात्रभर प्रयत्न केला. यहेज्केलचा तो राजा मात्र मी गिधाडाला देणार नाही. आणि काच खरवडायची नाही.

रेवदंडेकर
नका खरवडू. रंग पुन्हा द्याल तेव्हा डोक्यावरची पिसं जरा कमी करा.

ताकेवाला_दादर
जटायू म्हणून खपवतो आम्ही.

गोठा_नंबर_दोन
ते रायगडात गिधाडं पाळलीत म्हणे, कुठे? पोरांना दाखवायचंय.

पक्षीवेडा_सातारा
पाळली नाहीत, जपलीत. चिरगाव, म्हसळ्याजवळ. माणगावला उतरून म्हसळ्याची गाडी पकडा. दुर्बीण नसेल तर सांगा, माझी देतो. दोन गोठ्यांची आहे, जपून वापरा.