१८ जूनसाठी डॉ. लोहियांचे चांदीचे नाणे काढायचे आहे: कायदा, धातू आणि डाय याबद्दल विचारायचे होते

फोंडा_वाचनालय

नमस्कार मंडळी. १८ जून २०२६ ला डॉ. राममनोहर लोहियांच्या मडगावच्या गोवामुक्तीच्या सभेला ८० वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने वाचनालयातर्फे लोहियांचे स्मृतिनाणे काढायचा विचार पक्का होत आला आहे. चांदीचे २०० नग, एका बाजूला लोहियांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभ आणि '१०० रुपये', म्हणजे वाजपेयींच्या नाण्यासारखेच. इथल्या एका शेटांनी (सोनारांनी) साच्यात चांदी ओतून करून देतो म्हटले आहे. तीन प्रश्न आहेत. असे नाणे काढायला परवानगी लागते का? आकार आणि वजन किती ठेवावे? ओतीव काम चालेल का? वर्गणी जमली आहे, त्यामुळे पैसा वाया जाऊन चालणार नाही.

गॅझेटवाचक

आधी कायद्याचे सांगतो, कारण तुमच्या आराखड्यातल्या दोन गोष्टी आत्ताच काढाव्या लागतील.

नाणे फक्त केंद्र सरकार पाडू शकते. २०११ च्या नाणे कायद्यात ते स्पष्ट आहे, आणि पैसा म्हणून चालेल असा धातूचा तुकडा खाजगीरीत्या बनवायलाही त्याच कायद्याने बंदी आहे. म्हणून '१०० रुपये' नको, ₹ चे चिन्ह नको, 'भारत' आणि 'इंडिया' ही नाण्यावरची मांडणीही नको. अशोकस्तंभाला २००५ चा राजचिन्हाचा वेगळा कायदा आहे, तो कोणत्याही संस्थेला असा वापरता येत नाही. हे सगळे वगळून जे उरते ते पदक, आणि पदक काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पावतीवर, पत्रिकेवर, वर्तमानपत्रातल्या बातमीतही 'स्मृतिपदक' असेच लिहा.

१९५० चा बोधचिन्हे व नावे कायदाही बघून ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे किंवा चित्रे धंद्यासाठी वापरायला त्यात मनाई आहे. लोहियांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. पुढे कधी नेहरूंचे पदक विकायला काढाल तर मात्र येईल.

सरकारी नाणेच हवे असेल तर वाट वेगळी आहे. प्रस्ताव केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो. मंजूर झाला की त्या नाण्यापुरते नियम राजपत्रात छापून येतात: व्यास, कडेवरचे दाते, धातूचे प्रमाण, दोन्ही बाजूंचा मजकूर. मग मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा नोएडाच्या टांकसाळीत ते पाडले जाते. वाजपेयींचे २०१८ चे १०० रुपयांचे नाणे ४४ मिमी व्यासाचे आणि ३५ ग्रॅमचे आहे, कडेला २०० दाते, चांदी ५० टक्के, तांबे ४०, निकेल ५, जस्त ५. मागच्या बाजूला चेहरा, नाव आणि १९२४ व २०१८ ही साले. ही परंपरा १९६४ मध्ये नेहरूंच्या ५० पैसे आणि १ रुपयाच्या निकेलच्या नाण्यांपासून सुरू झाली. ती व्यवहारात फिरण्यासाठीच होती, आताची शंभराची नाणी पेटीतून संग्राहकांना विकली जातात. या वाटेने १८ जूनपर्यंत काही हातात येणार नाही. प्रस्ताव जरूर पाठवा, पण कार्यक्रम त्यावर अवलंबून ठेवू नका.

सरकारी टांकसाळी संस्थांसाठी पदकेही पाडून देतात. मुंबईच्या टांकसाळीकडून दर मागवून घ्या, नाहीतर चांगल्या खाजगी कारखान्याकडून.

ठसेकाम

ओतीव काम मुळीच नको. चांदी थंड होताना आकसते, आत हवा अडकते आणि गालावर, कपाळावर बारीक भोके पडतात. अक्षरांच्या कडा गोल होतात, देवनागरीतले अनुस्वार तर भरूनच जातात. वजनही नगागणिक बदलते. वर्गणीदाराने दोन पदके शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. ठशाचेच काम करून घ्या, म्हणजे पोलादी डायमध्ये चकती दाबून.

आकार ४० मिमी ठेवा आणि वजन ३१.१ ग्रॅम, म्हणजे सोन्या-चांदीचा एक (ट्रॉय) औंस. ९९९ चांदीची (हजारात ९९९ भाग शुद्ध) घनता घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, त्या हिशेबाने सरासरी जाडी साधारण २.३६ मिमी येते. त्याच मापात तांब्याचे पदक २६.६ ग्रॅमच्या आसपास भरेल. कारखान्याने दिलेले वजन आणि माप या हिशेबात बसत नसेल तर तिथेच थांबून विचारा.

चांदी ९९९ की ९२५? मी ९९९ म्हणेन. ९२५ मध्ये तांबे असते, त्यामुळे ती कडक असते, जास्त वेळा तापवून नरम करावी लागते आणि लवकर काळवंडते. ९९९ नरम असल्याने कमी दाबात बारीक काम उठते. ओरखडे मात्र पटकन पडतात, म्हणून प्रत्येक नग पाडल्याबरोबर अॅक्रिलिकच्या डबीत गेला पाहिजे. ढिगात टाकलेली पदके एकमेकांना खरवडतात आणि नंतर पॉलिश करून घालवायला गेलात तर चेहरा बोथट होतो.

आता चेहरा. लोहियांचा चष्मा हीच या पदकातली खरी अवघड जागा आहे. फोटोत दिसते तितकी बारीक फ्रेम कोरली तर ती अर्धवट उठते, आणि डायमध्ये ती अरुंद, खोल खाच होऊन तिथूनच तडा जातो. फ्रेमची रेघ निदान ०.२५ मिमी रुंद घ्यायला सांगा, दोन्ही बाजूंना थोडा उतार ठेवायला सांगा, आणि काच म्हणून वेगळे काही कोरू नका, डोळा सरळ दिसू द्या. समोरून चेहरा घेतला तर नाक सर्वांत उंच येते आणि तेच आधी झिजते. तीन-चतुर्थांश किंवा बाजूचा चेहरा घ्या. कुठलाही उठाव कडेच्या काठापेक्षा वर जाता कामा नये.

अक्षरांची उंची १.८ मिमीच्या खाली नेऊ नका. शिरोरेघ जाड आणि उभ्या रेघा बारीक असा फाँट टाळा, सगळी जाडी सारखी असलेला निवडा. काठाला लागून वळवून लिहिताना जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून 'डॉ. राममनोहर लोहिया' वरच्या कमानीत आणि साले खाली आडवी, एवढेच पुरे.

क्रम असा असतो: चित्र, मग मातीचे किंवा संगणकावरचे उठावचित्र, त्यावरून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) डाय, डायला पाणी देणे, शिसे किंवा कथलाचा नमुना, आणि मग चांदी. उठावचित्राच्या टप्प्याला एक आठवडा जास्त द्या. डाय कडक झाली की त्यात धातू वाढवता येत नाही, म्हणून चेहरा चुकला तर नवी डायच करावी लागते. नमुना आला की दहापट भिंगाखाली चष्मा, ओठ आणि 'ह' चे वळण तपासा आणि त्या नमुन्यावरच सही करून मंजुरी द्या. नुसत्या संगणकावरच्या चित्रावर देऊ नका, पडद्यावर सगळेच उठावदार दिसते.

फोंडा_वाचनालय

देव बरें करूं, दोघांचेही! '१०० रुपये' आणि अशोकस्तंभ काढले, ओतीव कामही रद्द. एक शंका उरते. लोहियांना गोव्यात असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांनीच आणले, तेव्हा त्यांनाही मान मिळावा असा सभासदांचा आग्रह आहे. एका बाजूला लोहिया आणि दुसऱ्या बाजूला मिनेझिस, असे चालेल ना?

ठसेकाम

आग्रह योग्य आहे, मांडणी मात्र बदला. दाबताना चकतीतला धातू दोन्ही डायच्या खोलगट भागाकडे वाहतो. मध्यभागी पुढेही चेहरा आणि मागेही चेहरा आला तर दोघांना पुरेल इतका धातू तिथे नसतो. परिणामी एकाचे कपाळ सपाट राहते किंवा गालाच्या जागी खरबरीत डाग दिसतो. मग कारखाना दाब वाढवतो आणि डाय फुटते. या मापाच्या चांदीला साधारण २०० टनांचा प्रेस पुरतो. कुणी त्याच्या दुपटीची गोष्ट करायला लागला तर दोष चित्रातच आहे असे समजा.

त्यापेक्षा दोघांना एकाच बाजूला घ्या, एकामागे एक अशा बाजूच्या मुखाकृती, पुढे लोहिया आणि मागे मिनेझिस. मागचा चेहरा थोडा कमी उंचीचा. पलटीला उठाव कमी ठेवा: 'मडगाव, १८ जून १९४६' आणि फार तर गोव्याच्या नकाशाची रेघ. नकाशात किनाऱ्याची प्रत्येक खाच कोरू नका. मांडवी आणि झुवारीची मुखे ओळखू आली की झाले.

जुनी_रुपिया

कमी उठावाची भीती वाटत असेल तर १८८१ किंवा १८८२ ची पोर्तुगीज रुपिया (गोव्यातले तेव्हाचे चांदीचे नाणे) कुणाकडून तरी मागून हातात घेऊन बघा. पोर्तुगालचा राजा दों लुईशचा चेहरा किती कमी उंचीत किती ठसठशीत आहे ते कळेल. ११.६६ ग्रॅमची ती रुपिया १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेली आहे. शिल्पकाराला फोटोपेक्षा ते नाणे दाखवा.

दुसरे, पावसाळ्याचे. १८ जूनला आपल्याकडे पाऊस लागलेला असतो. आरशासारखी चकाकी मागू नका, दमट हवेत त्यावर बोटाचा एक ठसा उमटला तरी तो कायमचा बसतो. मॅट किंवा प्राचीन झाक घ्या, म्हणजे खोलगट जागा काळसर आणि उठाव उजळ. चष्मा आणि अक्षरेही त्यात जास्त स्पष्ट दिसतात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात पदक देऊ नका, त्यातून हिरवट चिकट थर येतो. रबरबँड आणि साधा फोमही नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. डबीसोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि हाताळताना पदक कडेला धरा, हे पत्रिकेच्या मागे छापा.

आणि फक्त २०० चांदीची काढून थांबू नका. डायचा खर्च एकदाच होतो. त्याच डायवर शाळांसाठी तांब्याची ३०० निघाली तर विद्यार्थ्यांच्याही हातात लोहिया जातील. आधी चांदी पाडून घ्या, तांबे नंतर, कारण तांब्याने डाय लवकर झिजते.

गॅझेटवाचक

करारात चार ओळी लिहून घ्या. चांदीची शुद्धता हॉलमार्क केंद्राच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी शुद्धता मोजण्याच्या) अहवालाने दाखवायची, तीही कुठल्याही पाच नगांवर आणि ते नग तुम्ही निवडायचे. वजनात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. क्रमांक चेहऱ्याच्या बाजूला नको, कडेवर लेझरने. काम संपले की दोन्ही डाय तुमच्या ताब्यात, म्हणजे जास्तीचे नग बाजारात येणार नाहीत. त्यावर आडवी खाच मारून घ्या आणि वाचनालयातच ठेवा.

चित्र जानेवारीअखेर आणि नमुना मार्चअखेर मंजूर झाला पाहिजे. एप्रिलमध्ये छाप सुरू झाली तर मेअखेर पदके फोंड्यात पोहोचतील आणि सदोष नग बदलून घ्यायला दोन आठवडे हातात राहतील.