जिन्याला काच लावताना
जिन्याच्या रेलिंगला काच नको, फुटली तर पोरांना लागेल, स्टीलचंच रेलिंग बरं असं काही जण म्हणतात, पण साधी काच कोण लावतंय ओ आता? लॅमिनेटेड टफन घ्यायची, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या (टफन) दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा थर, फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात, नुसती टफन असली की सगळा चुरा खाली सांडतो. आणि टफन केल्यावर काच कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, त्यामुळं पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसल्याशिवाय माप देऊच नका, बेळगावच्या उद्यमबागेतला रेलिंग बनवणारा फॅब्रिकेटर कितीबी घाई करू दे. वर धरायला पाइप पाहिजेच, म्हातारी माणसं काचेची कड धरून चढणार काय? बोअरच्या पाण्यानं मात्र पुसू नका, पांढरे डाग पडतात बघा.