मदत हवी आहे: कार्यालयातलं पायरेटेड सॉफ्टवेअर काढायचं आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी एका पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक आहे, संगणकांचं सगळं माझ्याकडेच असतं. आमच्याकडे मशीन घेताना विंडोज अधिकृतच आलेलं होतं. पण मशीन बिघडलं की देखभालीवाला येतो, फॉरमॅट मारतो आणि पेन ड्राइव्हमधलं विंडोज, ऑफिस आणि सोबत ॲक्टिव्हेटर (परवाना नसताना ते चालू करून देणारा प्रोग्राम) टाकून जातो. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात, तो पुढे बंदच राहतो. त्याच मशीनवर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत, साहेबांच्या डिजिटल स्वाक्षरीचं टोकनही तिथेच लागतं. मला खरी काळजी याची आहे.

लेखा शाखेतल्या मशीनवर 'एसएलएमजीआर /डीएलआय' ही विंडोजचा परवाना दाखवणारी कमांड दिली तर 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' असं आलं. म्हणजे मोठ्या संस्थांना करारावर मिळतो तो परवाना. असा करार आमच्या कार्यालयाने कधी केलेलाच नाही, आणि कॅबिनेटवर मात्र मूळ विंडोजचा स्टिकर तसाच आहे! पैसे भरून घेतलेलं काढलं आणि चोरीचं बसवलं.

जडवस्तू नोंदवहीत संगणक, यूपीएस, खुर्च्या सगळं आहे. सॉफ्टवेअरची नोंद कुठेच नाही, त्यामुळे लेखापरीक्षणातही कोणी विचारत नाही.

आता टिपणी ठेवायची आहे, पण सहकारी घाबरलेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी मध्ये 'माहीत असूनही' बेकायदा प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. टिपणी झाली की 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, गप्प बसणं जास्त धोक्याचं आहे. तर कमी खर्चात हे कसं करावं? आणि जुनी पत्रं कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर गेलो तर ती उघडतील का?

ठाणेकर: टिपणी नक्की ठेवा. बरीच मशीनं फुकटात सुटतील. विंडोज ८ आलेल्या किंवा त्यानंतरच्या ब्रँडेड मशीनमध्ये परवान्याची की (ॲक्टिव्हेट करायचा क्रमांक) सहसा बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. मूळ आवृत्ती होम होती की प्रो ते बघा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तीच उतरवून टाका. इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते. आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि डिस्क पूर्ण पुसा, नुसता ॲक्टिव्हेटर काढून भागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून जिथे ११ चालतं तिथे तेच टाका.
कृतिदेव फॉन्ट मशीनवर असेल तर लिब्रेऑफिसमध्ये पत्र उघडतं, मांडणी थोडी हलते. नवीन सगळं मात्र युनिकोडमध्येच करा. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, त्यामुळे 'सरकारी काम फुकटच्या सॉफ्टवेअरवर होत नाही' हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

जुना_लिपिक: आधी नोंदवही करा: मशीन क्रमांक, सॉफ्टवेअर, परवाना कुठला, बिल कुठे. अमेरिकेत १९९८ मध्ये क्लिंटन यांनी सरकारी खात्यांसाठी याच विषयावर आदेश काढला, त्यातही मशीनवर काय आहे आणि काय वापरायचा हक्क आहे याची यादी करायलाच सांगितलं होतं. दुसरं, देखभाल करारात एक ओळ घाला: 'टाकलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या परवान्याचा पुरावा जोडल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही.' पैसे अडकले की पेन ड्राइव्ह येणं थांबतं. आणि ॲडमिनचा पासवर्ड देखभालीवाल्याकडे ठेवू नका.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. लेखा शाखेच्या मशीनवर प्रो टाकलं आणि की न मागता ॲक्टिव्हेट झालं. साहेबांनी ते स्वतः पाहिलं आणि नोंदवहीला लगेच होकार दिला. करारातली ओळ टिपणीत घेतली आहे. आता अडलंय ते बांधकाम शाखेचं. तिथे ऑटोकॅड लागतंच, आणि आज सगळ्या मशीनवर एकच क्रॅक कॉपी आहे. नकाशे खरोखर दोघेच काढतात, तेव्हा दोनच परवाने मागायचा विचार आहे. असं मागणीपत्र कोणी केलं असेल तर नमुना द्याल का?