शनिवारचा सिनेमा कोणी ठरवला?

ए-१०३ (काका): क्लबहाऊसचा शनिवारचा सिनेमा आत्ता नोटिशीवर वाचला. इटलीतली चळवळी पोरं, बेकायदा रेडिओ, दंगल. हे कोणी ठरवलं? गणपतीत जे झालं त्यानंतर तरी विचारायचं होतं.

बी-६०२: नमस्कार काका. मी ठरवला. ग्विदो किएजाचा २००४ चा सिनेमा आहे, बोलोन्यातल्या ‘रेडिओ आलिचे’वर. हा रेडिओ फेब्रुवारी १९७६ ला लष्कराच्या जुन्या ट्रान्समीटरवर सुरू झाला. बेकायदा म्हणू नका, त्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने स्थानिक खासगी प्रसारणाला मोकळीक दिली.

सी-२०१: क्लबहाऊसचं लाइट बिल कोण भरणार?

ए-१०३ (काका): पोलिस कुठे आहेत ते रेडिओवाले आंदोलकांना सांगत होते. मीपण वाचतो.

बी-६०२: तो आरोप होता. लोक फोन करायचे आणि जे बोलतील ते तसंच्या तसं सगळ्यांना ऐकू जायचं. ११ मार्च १९७७ ला फ्रान्चेस्को लोरुस्सो हा विद्यार्थी गोळीबारात गेला, दुसऱ्या दिवशी रेडिओवर धाड. पोलिस दारात असताना पोरं माइकवर सांगत होती, वकील येईपर्यंत थांबा. ते रेकॉर्डिंग ऐका एकदा, मग बोलू.

डी-४०४: सिनेमात दोन पोरं बँक फोडायला भुयार खणतात म्हणे. आपल्या पार्किंगखालीपण तेच चालू असणार, फरशा खचल्यात 😄

सचिव: पार्किंग मागच्या मीटिंगमध्ये झालंय. कृपया विषयाला धरून.

डी-४०४: झालंय ते मिनिट्समध्ये.

सी-२०१: लाइट बिल?

ए-५०१ (मावशी): आम्हा गिरगावकरांना यात नवल नाही. १९४२ मध्ये २२ वर्षांच्या उषा मेहता ४२.३४ मीटरच्या लहरीवर गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवत होत्या. १२ नोव्हेंबरला पकडल्या, पुढे चार वर्षं तुरुंगवासाची शिक्षा. तोही तेव्हा गुन्हाच होता.

ए-१०३ (काका): मावशी, आदर आहे. पण ते सरकार परकं होतं.

बी-६०२: सरकार आपलं म्हणून माणसांनी बोलायचं नाही का? म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी सामुदायिक रेडिओ केंद्रं आपल्याकडे आहेत. स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा त्यांना अजून नाही. मला याचा त्रास होतो, म्हणून हा सिनेमा.

सी-२०१: तिसऱ्यांदा विचारतोय. लाइट बिल?

बी-६०२: मी भरतो.

ए-१०३ (काका): प्रश्न पैशांचा नव्हता. विचारण्याचा होता.

सचिव: शनिवारी ७ वाजता. खुर्च्या लावायला चार जण हवेत, नावं द्या.