मदत हवी आहे: बी-२१ रेडर, रडारच्या पल्ल्याचं गणित आणि पंखाची मागची कड

पंखजोड
नमस्कार. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी बी-२१ वर (अमेरिकेचं रडारला चुकवणारं नवं बॉम्बर विमान, जुन्या बी-२ चा पुढचा अवतार) लेख करतोय. २ डिसेंबर २०२२ चं पामडेलमधलं अनावरण आणि १० नोव्हेंबर २०२३ चं पहिलं उड्डाण लिहून झालं. पुढे अडलंय. आरसीएस (रडारला विमान जेवढं 'मोठं' दिसतं तो आकडा) हजारपट कमी केला तर रडारचा पल्लाही हजारपट घटतो का? बी-२ ची मागची कड करवतीसारखी आणि नव्या विमानाची साधी, असं का? आणि शेपूट नसताना नाक डावी-उजवीकडे वळतं कसं?

चौथेमूळ
हजारपट नाही घटत. लहर जाताना अंतराच्या वर्गाने पातळ होते, परतताना पुन्हा वर्गाने. म्हणून पल्ला आरसीएसच्या चौथ्या मुळाने बदलतो. समजा एखादं रडार साध्या विमानाला ४०० किमीवरून पकडतं. आरसीएस दहापट कमी केला तर २२५ किमी, हजारपट कमी केला तर साधारण ७१ किमी.
आता हेच उलटं करून बघा. एखादं झाकण नीट बसलं नाही, फटीवरची पट्टी उचकटली आणि आरसीएस दहापट वाढला, की ७१ चे १२६ किमी झाले. बी-२ ला तापमान-आर्द्रता सांभाळणारे हँगर लागतात ते अंगावरच्या रडारलहरी शोषणाऱ्या लेपांपायी. बी-२१ मध्ये देखभाल सोपी करण्यावर एवढा भर आहे, त्याचं कारण इथे आहे. लेखात यालाच जास्त जागा द्या. आरसीएसचा अधिकृत आकडा जाहीर झालेला नाही, तेव्हा वरचे आकडे 'गृहीत' म्हणूनच छापा.

मागची_कड
बी-२ चा मूळ आराखडाही साध्या कडेचाच होता. १९८० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने जमिनीलगत उडण्याची अट घातली. खाली हवा दाट आणि धक्के जास्त, त्यामुळे पंखाची रचना आणि नियंत्रण-पृष्ठांच्या जागा बदलाव्या लागल्या, त्यातून ते दाते आले. बी-२१ उंचावरून जाण्यासाठी आखलेलं आहे. त्यामुळे ते मागे गेलेलं नाही, फक्त ती अट गेली.
वळण्याचं बी-२ वरून सांगतो. पंखाच्या टोकांजवळची पृष्ठं चिमट्यासारखी वर-खाली उघडतात. डावीकडची जास्त उघडली की तिकडे हवेची ओढ वाढते आणि नाक डावीकडे जातं. पहिल्या सुमारे पाच अंशांत पकड येत नाही, म्हणून एरवी दोन्हीकडची थोडी उघडीच ठेवतात. पण उघडी फट रडारला दिसते. लपून जायचं असेल तेव्हा ती मिटतात आणि दोन्ही बाजूंच्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करून दिशा सांभाळतात.

पंखजोड
फारच उपयोगी. धोके म्हणून एक चौकट टाकायची आहे. खरं उदाहरण मिळेल?

चौथेमूळ
ग्वाम बेटावरचा बी-२ चा अपघात, २३ फेब्रुवारी २००८, घ्या. बी-२ वर हवेचा दाब मोजायला बाहेर आलेली नळी नसते, पृष्ठभागाशी सपाट छिद्रं असतात. आतल्या २४ दाबमापकांपैकी तिघांत ओल शिरली होती. त्या ओलीसकटच कॅलिब्रेशन (मापकांची चूक मोजून दुरुस्ती भरणं) झालं. नंतर हीटर लागला, ओल उडाली, आणि दुरुस्ती म्हणून भरलेला आकडाच चूक ठरला. संगणकाने वेग प्रत्यक्षापेक्षा १२ नॉट जास्त दाखवला, नाक खाली झुकलंय असं धरलं आणि उड्डाण घेताच ते ३० अंश वर उचललं. विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) पडलं. दोघेही वैमानिक इजेक्ट झाले आणि वाचले. कॅलिब्रेशनच्या आधी हीटर लावून ओल घालवायची युक्ती काही जणांना आधीपासून ठाऊक होती, पण ती लेखी कार्यपद्धतीत आलेली नव्हती. चौकटीत हे वाक्य गाळू नका.

मागची_कड
एक भर. 'कोणत्याच रडारला दिसत नाही' असं लिहू नका. १५० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या रडारची तरंगलांबी २ मीटर. लढाऊ विमानाची उभी शेपटी साधारण त्याच मापाची, म्हणून ती तिथे ठळक उठते. अख्खं विमानच एक मोठा पंख असेल तर असा भाग उरत नाही. तरी 'उशिरा दिसतं' हाच शब्द बरोबर.