१६२२ मधला 'फ्री ट्रेड' : मुक्त व्यापार की खुला व्यापार?

प्रश्न : इंग्रज व्यापारी एडवर्ड मिसेल्डनच्या १६२२ च्या 'फ्री ट्रेड' या पुस्तिकेला मराठीत 'मुक्त व्यापार' म्हणावं का? लेखक स्वतः मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स या कापड निर्यातीचे खास हक्क असलेल्या इंग्रज कंपनीचा सभासद आणि तिच्या हक्कांचा पाठीराखा. मेळ बसत नाही.

उत्तर १ : 'मुक्त' नको. आजचा वाचक त्यातून 'जकात नसलेला' असा अर्थ घेईल. त्या काळच्या इंग्लंडमधल्या वादात मुख्य प्रश्न होता तो परदेशी व्यापाराचा हक्क कुणाला, हा. १६०४ मध्ये खासदार एडविन सँडिसच्या संसदीय समितीने तक्रार केली की देशाचा सगळा व्यापार जेमतेम २०० जणांच्या हातात आहे. व्यापार सर्वांना खुला करण्याचं तेव्हाचं विधेयक कॉमन्समध्ये (कनिष्ठ सभागृहात) मंजूर झालं, लॉर्ड्समध्ये (वरिष्ठ सभागृहात) बारगळलं. १६०६ च्या कायद्याने स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सशी व्यापार सर्व इंग्रज प्रजाजनांना खुला केला. जकात मात्र भरावीच लागे. म्हणून 'खुला व्यापार'.

उत्तर २ : 'खुला'शी सहमत, पण मिसेल्डनपुरती पुस्ती जोडायला हवी. मक्तेदारी वाईट, तसाच बेबंद व्यापारही वाईट, असं त्याचं म्हणणं. त्याच्या कंपनीत समाईक भांडवल नव्हतं. सभासद आपापल्या पैशावर, आपापल्या जोखमीवर कापड पाठवी. कंपनी नियम आणि प्रत्येकाचा कोटा ठरवी. ईस्ट इंडिया कंपनीत भांडवलच एकत्र. दोन्हींना नुसतं 'कंपनी' म्हटलं की अर्धा वाद हरवतो. पहिलीला 'नियमबद्ध कंपनी', दुसरीला 'समाईक भांडवलाची कंपनी' म्हणा.

उत्तर ३ : 'मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स'चं 'साहसी व्यापारी' करू नका. अ‍ॅडव्हेंचर म्हणजे इथे पैसा जोखमीत घालणं. नाव आहे तसंच ठेवावं.

'मोनोपॉली'ला मात्र 'मक्तेदारी' चपखल बसतो. राजा मीठ, स्टार्च, पत्ते यांचे हक्क सनदेने देई, तो अक्षरशः मक्ताच. १६२४ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने व्यापारी कंपन्यांना वगळलं, हेही टीपेत यावं. नाहीतर कायद्याने कंपन्याही मोडीत निघाल्या, असा समज होतो.

प्रश्नकर्ता : आणि मिसेल्डनला पुस्तिकेतूनच उत्तर देणाऱ्या जेरार्ड मॅलिन्सच्या लिखाणातला 'एक्स्चेंज'?

उत्तर २ : 'विनिमय' फार ढोबळ. त्याचा रोख हुंड्यांच्या दरावर आहे : परदेशी हुंडीवाले पौंडाची किंमत पाडून धरतात, म्हणून चांदी देशाबाहेर जाते. 'हुंडणावळ', म्हणजे हुंडीवरचा चलनाचा दर, लिहा. मिसेल्डन हेच उलटं मांडतो : आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली म्हणून हुंडणावळ विरुद्ध जाते. १६२३ मध्ये त्याने याच मुद्द्यावर 'बॅलन्स ऑफ ट्रेड' (आयात-निर्यातीचा ताळेबंद) हा शब्दप्रयोग वापरला; त्याला 'व्यापारतोल' चालेल.