अंतराळ मोहीम रोज फॉलो करायची, की उड्डाण आणि परतणं बघितलं की झालं?

तारांगण
परवा घरी भावाशी यावरून चांगलंच वाजलं म्हणून इथं विचारतेय. 2025 च्या जून-जुलैत ॲक्सिअम-4 मोहीम झाली, आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर, म्हणजे स्पेस स्टेशनवर गेले होते ती. मी ती रोज फॉलो केली, उड्डाणाची 29 मेची तारीख पुढं गेली तेव्हापासून वहीत रोजचं लिहून ठेवत होते. भाऊ म्हणतो, उड्डाण बघावं, उतरले की बघावं, मधे काय बघायचं, चार माणसं आपापलं काम करतायत. मला हे अजिबात पटत नाही, कारण मोहीम म्हणजे तेच मधले दिवस! मूग आणि मेथीच्या बियांना तिथं मोड आणले, ते फ्रीजरमध्ये ठेवले, आणि हा प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या पुढचंच गाव. आपण फडक्यात बांधून मटकीला मोड आणतो तेव्हा जास्तीचं पाणी खाली गळून जातं, तिथं गळायला खालीच नाही, मुळांनी कुठल्या दिशेला जायचं? मी दोन दिवस याच विचारात होते. स्नायूंच्या पेशींचा प्रयोग होता, शेवाळाचा होता, टार्डिग्रेड नावाचे सूक्ष्म जीव नेले होते. उड्डाणाच्या दिवशी चॅनेलवर यातलं किती दाखवलं ते आठवून बघा.

सातारकर
ताई, तुमचा उत्साह खरा आहे, पण मी तुमच्या भावाच्या बाजूने. रॉकेट स्पेसएक्सचं, यान त्यांचं, मोहीम ॲक्सिअम या खासगी कंपनीची, आपण जागा घेतली आणि त्यासाठी साधारण 550 कोटी गेले असं पेपरात होतं. गेले ते चांगलंच झालं, अनुभव मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोज फॉलो करायचं म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? गाजर हलवा नेला, आमरस नेला, पंतप्रधानांशी काय बोलले, यावरच आठवडा गेला. एका माणसाला सेलिब्रिटी करून टाकलं. आता हे बघा, 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्यात गगनयानची टीव्ही-डी1 चाचणी झाली, पाच सेकंद राहिले असताना काउंटडाउन आपोआप थांबला, इस्रोच्या लोकांनी कारण शोधून दहा वाजता त्याच दिवशी उडवलं, धोका आला तर माणसांना रॉकेटपासून लांब नेणारी यंत्रणा त्यात तपासली. उद्या आपलीच माणसं त्या यानात बसणार आहेत. ते किती जणांनी फॉलो केलं?

तारांगण
मी केलं होतं 🙂 आणि दोन्ही जमतं हो. उलट रोज बघितल्यामुळेच मला उड्डाणाच्या तारखा का पुढं जात होत्या ते कळलं. आधी हवामान, मग फाल्कन रॉकेटच्या बूस्टरमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती, मग स्टेशनच्या रशियन झ्वेझ्दा भागात हवेच्या दाबाचा प्रश्न. त्या गळतीच्या वेळी इस्रोची टीम तिथंच होती आणि नीट दुरुस्ती झाल्याशिवाय उडायचं नाही असा आग्रह त्यांनी धरला, इस्रोप्रमुख व्ही. नारायणन यांनी स्वतः नंतर सांगितलं. ज्यांनी फक्त 25 जूनला दुपारी बारा वाजता टीव्ही लावला त्यांना वाटलं चला, उडालं एकदाचं.

हडपसरचा_मी
माझा अनुभव सांगतो, वाद बाजूला. तेव्हा वारी चालू होती, आषाढी 6 जुलैला होती, मी माऊलींच्या पालखीबरोबर चालत होतो. मुक्कामाला रात्री फोनवर स्टेशन कुठं आहे ते बघायचो, दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा. आमच्या दिंडीत एक आजी होत्या, त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं तर मग रोज रात्री विचारायच्या, ते पोरगं अजून वरच आहे का रे, जेवलं का. आभाळ असं भरलेलं की एकदाही वर ठिपका दिसला नाही, तरी त्या वर बघायच्या. मला वाटतं रोज बघण्यातूनच ही माया लागते, एका दिवसात लागत नाही.

श्रावणसरी
हीच माया लागते म्हणून मी आता रोज बघत नाही. 2003 ला मी कॉलेजात होते, कल्पना चावला दुसऱ्यांदा गेल्या ती कोलंबिया या नासाच्या शटल यानाची मोहीम, 16 जानेवारीला उड्डाण, सोळा दिवस मी पेपरातलं रोज कापून ठेवत होते. 1 फेब्रुवारी, शनिवार, आपल्याकडे संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उतरणार होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, परतताना यान तुटलं, कुणीच वाचलं नाही.

पण मला त्याहून जास्त काय लागलं ते सांगते. उड्डाणानंतर 82 व्या सेकंदाला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता आणि नासाला ते दुसऱ्याच दिवशी व्हिडिओत दिसलं होतं. काही इंजिनिअरांनी पंखाचे फोटो घ्या म्हणून विचारलं, वरून ते पुढं गेलं नाही. आणि ते सोळा दिवस माझ्या हातात काय येत होतं, हसरे फोटो, प्रयोग छान चाललेत. म्हणजे मी रोज बघत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. रोजचं अपडेट म्हणजे जेवढं दाखवायचं ठरलंय तेवढंच. त्यातून आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं ना, तिथं मला भीती वाटते.

तारांगण
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.
तुमचं खरं आहे, पण त्यानंतर बदललं हेही खरं आहे ना. 2005 पासून शटल स्टेशनला जोडण्याआधी पूर्ण गिरकी घ्यायचं, स्टेशनमधली माणसं त्याच्या पोटाचे फोटो काढायची, आणि ते लाइव्ह दिसायचं. कुठं बघायचं हे रोज बघणाऱ्यालाच समजतं. 15 जुलैला शुभांशुंचं यान वातावरणात शिरलं, संपर्क तुटला, ती मिनिटं मी हात जोडून बसले होते, मग पॅराशूट दिसली. 3 वाजून 1 मिनिट, सॅन दिएगोजवळ समुद्रात.

श्रावणसरी
मी त्या दिवशी फोन बंद ठेवला होता. चार वाजता बहिणीने येऊन सांगितलं, उतरले म्हणून.

सातारकर
ताई, एक विचारतो, राग मानू नका. ते मुगाचे मोड परत आल्यावर पुढं काय झालं, शास्त्रज्ञांना काय सापडलं, ते पान आहे का तुमच्या वहीत?

तारांगण
नाही. वही 15 जुलैलाच थांबलीय, हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. आज बसून शोधते. सेलिब्रिटी या शब्दाला मात्र माझा अजून विरोध आहे, त्या आजी जेवलं का विचारत होत्या ते सेलिब्रिटीला नव्हे.